डोळे आहेत, दृष्टी हवी

१९९०च्या ऑगस्ट महिन्यात इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. त्या युद्धाशी भारताचा काडीमात्र संबंध नव्हता. तरीही काही महिन्यांतच त्याची झळ येथल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचली. कच्च्या तेलाचे भाव भडकले, आखातात राबणाऱ्या भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले, परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि १९९१ साली देशाचे सोने परदेशी बँकांकडे गहाण ठेवण्याची वेळ आली. त्या नामुष्कीची कारणे अनेक होती आणि वर्षानुवर्षांची आर्थिक बेशिस्त त्यांत प्रमुख होती. पण आधीच खिळखिळ्या झालेल्या घराला अखेरचा धक्का दिला तो तेलाने. ज्या समाजात घरातले सोने गहाण टाकणे ही अब्रूची शेवटची पायरी मानली जाते, त्या समाजाने हा प्रसंग विसरता कामा नये.

साडेतीन दशकांत पुष्कळ काही बदलले. गंगाजळी भरली, अर्थव्यवस्था विस्तारली, जगात भारताचा शब्द वजनदार झाला. मात्र तेलाच्या बाबतीत परावलंबन कमी होण्याऐवजी वाढतच गेले. २०११-१२ साली देशात सुमारे ३ कोटी ८० लाख टन कच्चे तेल निघत होते. २०२४-२५मध्ये हे उत्पादन २ कोटी ९० लाख टनांच्याही खाली आले. गरज मात्र दरवर्षी वाढते आहे. परिणामी देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के तेल त्या वर्षी बाहेरून आणावे लागले. परावलंबनाची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. रशियाकडून तेल घेतल्याचे निमित्त करून अमेरिकेने २०२५च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावर २५ टक्क्यांचे अतिरिक्त आयात शुल्क लादले. आपल्या घरात दिवा कोणाच्या तेलाने लावायचा, हे दुसऱ्याने सांगावे, अशी स्थिती स्वाभिमानी राष्ट्राला मानवणारी नाही.

मग या भूमीच्या पोटात तेल नाहीच काय? या प्रश्नाचे उत्तर कोणी छातीठोकपणे देऊ शकत नाही, कारण पुरेसा शोधच झालेला नाही. तेल आणि वायू सामान्यतः गाळाच्या खडकांत सापडतात. जमीन आणि समुद्र मिळून भारतात अशा गाळाच्या खोऱ्यांचे क्षेत्र सुमारे ३३ लाख ६० हजार चौरस किलोमीटर आहे आणि त्यांची संख्या २६ मानली जाते. यातील फार मोठ्या भागाची स्वातंत्र्यानंतर अनेक दशके साधी प्राथमिक पाहणीही झाली नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी २०१६मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय भूकंपलहरी सर्वेक्षण हाती घेतले, २०१७मध्ये सर्व माहितीचे राष्ट्रीय भांडार उभे केले आणि २०२२मध्ये संरक्षण व अन्य कारणांस्तव शोधाला बंद असलेले सुमारे दहा लाख चौरस किलोमीटरचे सागरी क्षेत्र खुले केले. ही पावले निःसंशय स्वागतार्ह आहेत. परंतु दार उघडल्याने घर आपोआप शोधले जात नाही. एवढ्या अफाट क्षेत्रात नेमके कोठे खोदायचे, हा प्रश्न उरतोच. खोल समुद्रातील एकेका विहिरीला शेकडो कोटी रुपये लागतात आणि विहीर कोरडी निघाली, की ते सारे पाण्यात जातात.

येथेच आकाशातील डोळ्यांचे महत्त्व आहे. उपग्रहाला जमिनीखालचे तेल दिसते, असा एक भाबडा समज आहे. तो आधी दूर केला पाहिजे. उपग्रहाला तेल दिसत नाही, तेलाच्या खुणा दिसतात. भूगर्भातील थर जेथे कमानीसारखे वर वळलेले असतात किंवा जेथे भूस्तर तुटून सरकलेला असतो, तेथे वर सरकू पाहणारे तेल अडते आणि साठते. अशा घड्या आणि भेगा अनेकदा पृष्ठभागावर आपली चाहूल देतात. एखादी नदी विनाकारण वळसा घेते, ओढ्यांची रचना एका ठिकाणी वर्तुळाकार होते, टेकड्यांची रांग सरळ रेषेत अचानक संपते. गावात उभ्या असलेल्या माणसाला हे उमगत नाही. शेकडो किलोमीटर उंचीवरून पाहिले म्हणजे उमगते. जमिनीतून अतिशय सूक्ष्म प्रमाणात झिरपणाऱ्या वायूमुळे काही ठिकाणी खडकांतील लोहाची तांबडी छटा फिकी पडते, मातीतील खनिजे बदलतात, झाडोऱ्यावर परिणाम होतो. प्रकाशाच्या शेकडो बारीक छटा वेगळ्या ओळखणारे उपकरण हे फरक टिपू शकते. २०१८मध्ये ‘इस्रो’ने सोडलेला ‘हायसिस’ उपग्रह याच जातीचा आहे.

समुद्रावरील युक्ती आणखी निराळी. सागरतळातून तेल झिरपत असेल, तर त्याचा पातळ तवंग पाण्यावर पसरतो. त्या तवंगाखाली लहान लाटा दबतात आणि रडारच्या प्रतिमेत तो भाग काळसर दिसतो. जहाजांनी सांडलेल्या तेलाचा डागही तसाच दिसतो. पण जहाज निघून जाते, झरा मात्र जागचा हलत नाही. म्हणून त्याच ठिकाणाच्या अनेक दिवसांच्या प्रतिमा एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. उपग्रहाने समुद्राच्या पृष्ठभागाची उंची अचूक मोजली, तर तळाखालच्या खडकांचाही अंदाज बांधता येतो. जड खडक पाण्याला आपल्याकडे अधिक ओढतात, हलका गाळ कमी ओढतो. त्यामुळे समुद्राची पातळी सर्वत्र सारखी राहत नाही आणि त्या सूक्ष्म चढउतारांतून गाळाच्या खोऱ्यांची रूपरेषा उमटते. भारत आणि फ्रान्स यांनी मिळून २०१३मध्ये सोडलेल्या ‘सरल’ उपग्रहाने अशी मापने फार बारकाईने केली.

या सर्व खुणा एकत्र मांडण्याचे काम नकाशाच्या संगणक प्रणाली करतात. एकाच प्रदेशाचे अनेक पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तशी ही रचना असते. एका थरात खडकांचे प्रकार, दुसऱ्यात गुरुत्वाकर्षणाची मापने, तिसऱ्यात चुंबकीय नोंदी, चौथ्यात जुन्या विहिरींचा इतिहास, पाचव्यात रस्ते, वस्त्या, जंगले आणि पाणथळ जागा. जेथे अनेक पुरावे एकाच ठिकाणाकडे बोट दाखवतात, तेथे भूकंपलहरींचे सर्वेक्षण करायचे आणि त्यातूनही आशा दिसली, तर मग विहीर खोदायची. अंतिम निवाडा छिद्रकाचाच असतो. उपग्रह आणि नकाशा शोधाचे मैदान लहान करतात, वेळ वाचवतात आणि चुकीच्या जागी होणारा खर्च टाळतात. त्यांचे मोल तेवढेच आणि तेवढ्यानेही फार मोठे आहे.

पृष्ठभागावरील खुणांवरून पोटातले गुपित ओळखण्याची ही विचारपद्धती भारताला नवी नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातील पाणी शोधण्याविषयी एक संपूर्ण अध्याय आहे. कोणती झाडे एकत्र वाढली आहेत, वारूळ कोणत्या दिशेला आहे, मातीचा रंग कसा आहे, यांवरून पाणी किती खोलीवर लागेल याचे आडाखे त्यात दिले आहेत. कौटिल्याने अर्थशास्त्रात खाणींच्या प्रमुख अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना रंग, वजन आणि वास यांवरून धातुक ओळखणाऱ्या जाणकारांची अपेक्षा धरली आहे आणि राज्याच्या कोशाचा उगम खाणीत असतो, असे बजावले आहे. प्राचीन ग्रंथांत आजचे उपग्रह शोधत बसणे हास्यास्पद ठरेल. त्या पूर्वजांची निरीक्षणशक्ती आणि राज्याच्या अर्थबळाचा विचार करण्याची त्यांची पद्धत हा खरा वारसा आहे आणि तो मिरवण्यापेक्षा चालवणे अधिक मोलाचे आहे.

ज्याच्या हाती नकाशा, त्याच्या हाती देश, हे इंग्रजांनी अचूक ओळखले होते. प्लासीच्या लढाईनंतर अवघ्या दहा वर्षांत, १७६७ साली, ईस्ट इंडिया कंपनीने भारतीय सर्वेक्षण विभागाचा पाया घातला. महसूल कोठून येईल, फौज कोणत्या वाटेने जाईल, कोणत्या डोंगरात काय दडले आहे, याची मोजणी करूनच त्यांनी हा देश ताब्यात ठेवला. दुर्दैव असे, की इंग्रज गेले तरी नकाशा हा राज्यकर्त्यांच्या कुलपातच ठेवायचा असतो ही त्यांची वृत्ती मागे राहिली. भारतीय संशोधकाला स्वदेशाचा तपशीलवार नकाशा मिळवण्यासाठी परवानग्यांचे हेलपाटे घालावे लागत. २००५ साली ‘गूगल अर्थ’ अवतरले आणि तोच प्रदेश जगातील कोणालाही घरबसल्या दिसू लागला. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी त्यातील सुरक्षेच्या धोक्याकडे त्याच वर्षी लक्ष वेधले होते. शत्रूला दिसते ते स्वकीयांपासून लपवण्याचा हा उफराटा कारभार पुढे पंधरा वर्षे चालू राहिला. २०२१च्या फेब्रुवारीत भारतीय कंपन्या आणि संस्थांसाठी नकाशानिर्मितीची बंधने मोठ्या प्रमाणात उठवण्यात आली आणि २०२२च्या अखेरीस राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले, तेव्हा कोठे ही मानसिक गुलामगिरी सैल झाली.

आकाशातील सामर्थ्याबाबत मात्र भारताने अभिमान बाळगावा अशीच वाटचाल केली आहे. १९७९मध्ये ‘भास्कर’, १९८८मध्ये ‘आयआरएस-१ए’, २००५मध्ये उंचसखलपणा टिपणारा ‘कार्टोसॅट-१’, २०१२मध्ये ढगांआडूनही पाहणारा ‘रिसॅट-१’ आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावलेला, अमेरिकेच्या ‘नासा’सोबत उभारलेला ‘निसार’. बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येऊन जमिनीचे अगदी बारीक खचणे वा उचलले जाणे तो मोजू शकतो. ज्या तेलक्षेत्रातून वर्षानुवर्षे उपसा झाला आहे, तेथील जमीन कशी वागते, हे कळण्यास त्याचा उपयोग होईल. योगायोग असा, की डेहराडून या एकाच शहरात भारतीय सर्वेक्षण विभाग, भारतीय दूरसंवेदन संस्था आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची केशवदेव मालवीय तेलशोध संस्था नांदतात. नकाशा, उपग्रह आणि तेल यांचा असा त्रिवेणी संगम जगात क्वचितच सापडेल.

डोळे आहेत, प्रश्न दृष्टीचा आहे. प्रतिमा आपली, भूमी आपली, समुद्र आपला. पण त्या प्रतिमांचा आणि भूकंपलहरींच्या नोंदींचा अर्थ लावणाऱ्या संगणक प्रणाली जगभर काही मोजक्या पाश्चात्त्य कंपन्यांच्या आहेत आणि भारतीय तेल उद्योगही बव्हंशी त्यांच्यावरच विसंबून आहे. याने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी २०२५च्या जुलैतील घटना आठवावी. युरोपीय संघाने निर्बंध जाहीर केले आणि गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या ‘नायरा एनर्जी’ या कंपनीच्या संगणक सेवा ‘मायक्रोसॉफ्ट’ने अकस्मात थांबवल्या. भारताच्या कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नव्हता. तरीही भारतीय भूमीवरील कंपनीला आपलीच कागदपत्रे आणि आपलाच पत्रव्यवहार मिळवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. पुढे सेवा पूर्ववत झाल्या. पण दूर कोठेतरी बसलेला एखादा अधिकारी कळ दाबून आपले काम बंद पाडू शकतो, हे सत्य त्या काही दिवसांत उघडे पडले. उद्या हीच कळ देशाच्या भूगर्भाच्या नकाशावर दाबली गेली, तर?

ही चिंता करीत बसण्याचे मात्र कारण नाही, कारण यावरचा उतारा या देशाने पूर्वी एकदा सिद्ध केला आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला हवा असलेला महासंगणक नाकारला, तेव्हा १९८८मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच संस्थेने पुढे महासंगणकावर भूकंपलहरींच्या विश्लेषणाचेही काम केले आहे. म्हणजे बीज आहे. उणीव आहे ती ते रुजवून त्याचा वृक्ष करण्याच्या चिकाटीची. सरकारी तेल कंपन्यांनी आपल्या खरेदीचा एक निश्चित वाटा स्वदेशी प्रणालींसाठी राखून ठेवला, त्या प्रारंभी काहीशा अपुऱ्या असल्या तरी वापरून सुधारून घेतल्या आणि मुक्तस्रोत प्रणालींवर भारतीय गरजांचे काम बेतले, तर दहा वर्षांत चित्र पालटेल. परदेशी वस्तूंवरील आंधळ्या बहिष्कारातून स्वदेशी घडत नाही. संकटाच्या दिवशी आपले काम आपल्या हाताने चालू ठेवण्याची तयारी म्हणजे स्वदेशी.

या तयारीची कसोटी घेणारे एक क्षेत्र महाराष्ट्राच्या पायाखालीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा कातळ बनला. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने झाकलेला आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी हजार मीटरहून अधिक भरते. त्याखाली काही भागांत जुने गाळाचे थर आहेत. त्यांत तेल वा वायू असेल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ खुणावतो आहे. अडचण अशी, की बेसाल्टचे हे थर भूकंपलहरी विस्कटून टाकतात आणि खालचे चित्र धूसर होते. अशा ठिकाणी उपग्रह प्रतिमांवरील लांबच लांब भेगा, तापी आणि पूर्णेच्या खोऱ्यांची रचना, गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय मापने हे सारे एकत्र वाचल्यावाचून गत्यंतर नाही. हे कोडे जगात अन्य कोणी आपल्यासाठी सोडवणार नाही, कारण हा कातळ त्यांच्या अंगणात नाही. येथील विद्यापीठांतील भूशास्त्राच्या विभागांनी ते आपले कार्य मानले पाहिजे.

यात संयमाचीही तितकीच गरज आहे. १९७४च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल शोधले, तेव्हा त्या यशामागे आधीच्या दशकातील सर्वेक्षणांची चिकाटी होती. राजस्थानात बाडमेरच्या वाळूखालील क्षेत्र एका बलाढ्य परदेशी कंपनीने सोडून दिले आणि २००४च्या जानेवारीत दुसऱ्या, तुलनेने लहान कंपनीला तेथेच ‘मंगला’ क्षेत्र गवसले. दुसरीकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून २००९मध्ये वायू येऊ लागला, तेव्हा देश आनंदला. पण थोड्याच वर्षांत उत्पादन घसरले आणि अंदाज खाली आणावे लागले. भूगर्भ कोणाच्या घोषणांना बांधील नसतो. म्हणून प्रतिमेत एखादी खूण दिसली, की ‘तेलाचा साठा सापडला’ असा डांगोरा पिटण्याचा मोह शास्त्रज्ञांनी, राजकारण्यांनी आणि वृत्तपत्रांनीही आवरला पाहिजे.

नकाशावरील माणसांचा आणि निसर्गाचा थरही तितकाच महत्त्वाचा मानला गेला पाहिजे. २०२०च्या मे महिन्यात आसाममधील बागजान येथे वायूच्या विहिरीचा स्फोट झाला, जूनमध्ये तिने पेट घेतला आणि ती पूर्णपणे विझवण्यास नोव्हेंबर उजाडला. जवळच मागुरी-मोटापुंग ही पाणथळ जागा आणि दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आहे. कुटुंबेच्या कुटुंबे घरे सोडून छावण्यांत गेली. वस्ती कोठे आहे, पाणी कोणत्या दिशेला वाहते, आपत्ती आली तर कोणत्या वाटेने बाहेर पडायचे, हे सारे त्याच नकाशावर आधीच मांडता येते. भूमीला माता म्हणणाऱ्यांनी तिच्या पोटातील संपत्ती काढताना तिच्या अंगाखांद्यावरील लेकरांची काळजी घ्यावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

सौर ऊर्जेच्या आणि विजेवरील वाहनांच्या युगात तेलाचा शोध कशाला, असेही काही जण विचारतात. वाहने उद्या विजेवर धावतीलही. परंतु शेतकऱ्याचे युरिया खत नैसर्गिक वायूतून बनते, घरातील गॅसचा सिलिंडर, औषधे, प्लॅस्टिक, रंग, डांबर यांचा आधार तेल आणि वायू हाच आहे. संक्रमणाची ही दोन-तीन दशके देशाला दुसऱ्याच्या दाराशी उभे राहून काढायची नसतील, तर शोध थांबवून चालणार नाही. शिवाय प्रतिमा आणि नकाशे वाचण्याचे हे कौशल्य तेलासोबत संपणारे नाही. लिथियम आणि दुर्मीळ मृद्धातूंचा शोध, भूजलाचे नियोजन, भूगर्भातील उष्णतेचा वापर या सर्वांना तेच कौशल्य लागणार आहे.

म्हणून अखेरचा प्रश्न मनुष्यबळाचा आहे आणि तो केवळ सरकारचा नाही. मध्यमवर्गीय घरांतील हुशार मुलांनी वैद्यक आणि संगणक यांपलीकडे पाहूच नये, अशी जणू रीत पडली आहे. संगणकातील त्यांची बुद्धी परदेशी कंपन्यांच्या प्रणाली घडवण्यात खर्ची पडते आणि त्याच प्रणाली आपण दाम मोजून विकत घेतो. भूशास्त्र, भूभौतिकी, दूरसंवेदन हे विषय घेणाऱ्या मुलाला ‘पुढे काय करणार?’ असे विचारणाऱ्या घरांनी त्याचे उत्तर स्वतःच शोधायला हवे. ‘इस्रो’च्या ‘भुवन’ आणि ‘भूनिधी’ या संकेतस्थळांवर भारतीय उपग्रहांच्या पुष्कळ प्रतिमा आज विद्यार्थ्यांना विनामूल्य उपलब्ध आहेत. शाळा-महाविद्यालयांनी, सामाजिक संस्थांनी आपल्या तालुक्याची प्रतिमा समोर ठेवून नदी, डोंगर आणि खडक वाचण्याचा परिपाठ सुरू केला, तर त्यातूनच उद्याचे संशोधक घडतील.

समुद्रमंथनाच्या कथेत रत्ने निघाली, पण ती मंदराचल रवी म्हणून उभा करण्याची आणि वासुकीची दोरी अखेरपर्यंत ओढण्याची तयारी असलेल्यांना. मधेच हलाहल निघाले तेव्हा मंथन थांबले नाही. २०२५च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी खोल समुद्रातील तेल आणि वायू यांच्या शोधासाठी राष्ट्रीय मोहीम घोषित केली, तेव्हा याच कथेचा आधार घेतला. मंथन आरंभले आहे. दोरी कोणाच्या हाती असेल, एवढेच ठरवायचे आहे. ती भारतीय हातांत असेल आणि तिला दिशा देणारी दृष्टीही भारतीय असेल, तरच जे काही निघेल ते या राष्ट्राचे असेल. गहाण ठेवलेले सोने सोडवता येते. गहाण पडलेली दृष्टी सोडवणे फार अवघड असते.